एका मिलिसेकंदात इंधन आणि हवा मिसळायची कशी?

२५ एप्रिल २०२५ रोजी हैदराबादच्या डीआरडीएल या संरक्षण प्रयोगशाळेनं स्क्रॅमजेट इंजिनाचा, म्हणजे आवाजाहून जास्त वेगानं वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणाऱ्या इंजिनाचा, लहान आकाराचा ज्वलनकक्ष जमिनीवर १००० सेकंदांहून जास्त वेळ चालवून दाखवला. त्याच वर्षी जानेवारीत ही मजल १२० सेकंदांची होती. बातमी वाचून पुष्कळांना एकच प्रश्न पडतो. इंदूरहून रात्री निघालेली बस सकाळी पुण्याला पोचेपर्यंत तिचं इंजिन बंद होत नाही, मग या सतरा मिनिटांचं एवढं कौतुक कशाला?

कौतुक अशासाठी की या इंजिनात शिरलेली हवा आत जेमतेम एक मिलिसेकंद थांबते. सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात इंधन हवेत शिरायचं, मिसळायचं, पेटायचं आणि जळून संपायचं. पुढच्या मिलिसेकंदाला नवी हवा हजर. १००० सेकंद म्हणजे हे काम ओळीनं दहा लाख वेळा, एकदाही न चुकता.

त्यातही पेटवणं हा भाग तुलनेनं सोपा आहे. खरी अडचण मिसळण्याची. हा लेख तिच्याचबद्दल आहे.

## आधी वेगाचा अंदाज

आवाजाच्या वेगाला एक मॅक म्हणतात. मॅक ६ म्हणजे त्याच्या सहापट. तीस किलोमीटर उंचीवर हवा थंड असते, तिथे आवाज सेकंदाला सुमारे ३०० मीटर जातो, म्हणून मॅक ६ चं यान सेकंदाला साधारण १८०० मीटर कापतं. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची लंबगोल धावपट्टी इंदूरकरांना माहीत आहे. या वेगानं तिची एक फेरी सव्वासहा सेकंदांत पुरी होईल. इंदूर ते मुंबई हे सरळ रेषेतलं अंतर पाच मिनिटांच्या आत.

भारतानं हे दोन वाटांनी करून पाहिलं आहे. २८ ऑगस्ट २०१६ ला इस्रोनं श्रीहरिकोट्याहून रॉकेटवर बसवलेली दोन स्क्रॅमजेट इंजिनं उडवली. ती हायड्रोजनवर पाच सेकंद चालली. ७ सप्टेंबर २०२० ला डीआरडीओनं ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरून एचएसटीडीव्ही हे यान सोडलं. त्याचं इंजिन मॅक ६ च्या आसपास वीस सेकंदांहून जास्त चाललं.

## हवा आत घेऊन आधी शांत का करत नाहीत?

पहिली शंका हीच येते. विमानाचं जेट इंजिन हवा आत घेतं, तिचा वेग कमी करतं आणि मग निवांत इंधन जाळतं. इथेही तसंच करावं.

रॅमजेट नावाचं इंजिन तेच करतं. त्यात पंखे नसतात. वेगानं येणारी हवा तोंडाच्या आकारामुळेच दाबली जाते आणि आवाजापेक्षा कमी वेगावर येते. मॅक ३-४ पर्यंत हे झकास चालतं. मॅक ५-६ च्या पुढे मात्र दोन गोष्टी बिघडतात. एक, वेग थांबवला की त्याची उष्णता होते. मॅक ६ ची हवा पूर्ण थांबवली तर इंधनाचा थेंबही न घालता तिचं तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. एवढ्या तापलेल्या हवेत इंधन जाळून मिळवलेली उष्णता पूर्णपणे कामी येत नाही. तिचा एक हिस्सा रेणू फोडण्यातच खर्च होतो, आणि इंजिनाच्या भिंती वितळायला लागतात त्या वेगळ्याच.

दुसरी गोष्ट दाबाची. स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, हवेचा वेग एकाएकी मोडला की आघात तरंग उठतो. हा एक अत्यंत पातळ पडदा असतो. तो ओलांडताना हवेचा दाब आणि तापमान क्षणात चढतं, पण तिची काम करण्याची ऐपत घटते. या ऐपतीला अभियंते 'एकूण दाब' म्हणतात. तो म्हणजे हवेचं भांडवल. मॅक २ ला समोरासमोरच्या एका सरळ आघात तरंगातून गेल्यावर ७२ टक्के भांडवल उरतं. मॅक ६ ला उरतं फक्त ३ टक्के. प्रत्यक्षात तिरप्या तरंगांची मालिका करून हे नुकसान पुष्कळ कमी करतात, पण कल या दोन आकड्यांत दिसतो.

म्हणून स्क्रॅमजेटमध्ये हवेचा वेग थोडाच कमी करतात. बाहेर मॅक ६ असेल तर ज्वलनकक्षाच्या तोंडाशी मॅक २ ते २.५ ठेवतात. हवा तिथे तापलेली असल्यामुळे मीटरमध्ये हा वेग सेकंदाला १३०० च्या आसपास भरतो. एक मीटर लांबीचा कक्ष ती पाऊण मिलिसेकंदात पार करते. स्कूटरचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असलं, तरी पेट्रोल आणि हवेला एकत्र यायला खेच आणि दाब या दोन टप्प्यांचे मिळून दहा मिलिसेकंद मिळतात. म्हणजे स्कूटरसुद्धा दहापटीहून जास्त सवड देते.

## मिसळणं म्हणजे दोन वेगळी कामं

बोलताना आपण 'मिसळणे' हा एकच शब्द वापरतो, पण त्यात दोन कामं दडलेली आहेत. पहिलं ढवळणं: इंधनाचा मोठा गोळा फाडून, ताणून, हवेत दूरवर पसरवणं. दुसरं विसरण: इंधनाचे रेणू आणि प्राणवायूचे रेणू एकमेकांत आपोआप शिरणं. जळणं ही रेणूंची गोष्ट आहे. शेजारी शेजारी पडलेले इंधनाचे आणि हवेचे पट्टे जळत नाहीत, फक्त त्यांची शिवण जळते.

हायड्रोजन हा सर्वांत चपळ वायू. तरीही ७०० अंशांच्या हवेत, साधारण वातावरणाइतक्या दाबाला, एका मिलिसेकंदात त्याचे रेणू स्वतःहून जेमतेम मिलिमीटरभर सरकतात. इंजिनाच्या कक्षाची उंची मात्र सेंटिमीटरमध्ये मोजतात. नुसत्या विसरणावर सोडलं तर कडेची एक पातळ चकती जळेल आणि बाकीचा हायड्रोजन तसाच शेपटातून बाहेर पडेल.

यावर तोड घरातल्या चिरोट्यांत दिसते. साटा लावून पोळी दुमडायची, लाटायची, पुन्हा दुमडायची. दर वेळी पदर पातळ होतो. इंधनाचंही तसंच करायचं. भोवरे उठवायचे, म्हणजे ते इंधनाचे पदर हवेच्या पदरांत गुंडाळत जातात. पदर निम्मा झाला की विसरणाला लागणारा वेळ चौथाई होतो, म्हणून ढवळण्यातली थोडी सुधारणाही बरीच फळते. पदर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आणला की पुढचं काम रेणू वेळेत उरकतात.

म्हणजे सगळा प्रश्न भोवऱ्यांवर येऊन थांबतो. आणि नेमके भोवरेच इथे उठत नाहीत.

## एवढ्या वेगात तर आपोआप घुसळण व्हायला हवी ना?

असं वाटणं साहजिक आहे, पण घडतं उलटं.

दोन प्रवाह शेजारून वेगवेगळ्या वेगानं वाहू लागले की त्यांच्या सीमेवर भोवरे उठतात. उदबत्तीचा धूर आधी सरळ दोऱ्यासारखा वर जातो आणि मग गुंडाळ्या करत फुटतो, ते याच घराण्यातलं. सीमेवर एक बारीक लाट उठते, तिच्यामुळे दाब बदलतो, तो बदल आजूबाजूच्या हवेला कळतो, ती सरकते आणि लाट आणखी फुगते. दाबाची ही बातमी आवाजाच्या वेगानं पोचते. दोन प्रवाहांतला फरकच आवाजाच्या वेगाजवळ गेला तर बातमी पोचण्याआधी हवा पुढे निघून जाते. लाटेला साथ मिळत नाही आणि भोवरे रोडावतात. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत ब्राउन, रॉश्को आणि पापामोश्कू यांनी हे मोजलं. वेगातला फरक पुरेसा वाढला की सरमिसळीचा पट्टा मंद प्रवाहांतल्या पट्ट्याच्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतकाच रुंद होतो.

याच्या जोडीला हायड्रोजनचा एक विचित्र योगायोग आहे. खोलीच्या तापमानाचा हायड्रोजन साध्या छिद्रातून जोरानं सोडला तर सेकंदाला सुमारे १२०० मीटर वेगानं निघतो. आपली हवा १३०० वर धावते आहे. इंधन हवेच्याच दिशेनं सोडलं तर दोघं शेजारच्या रुळांवरून जवळपास सारख्या वेगानं जाणाऱ्या दोन गाड्यांसारखे होतात. खिडकीतून हात मिळवता येईल इतके जवळ, पण घुसळण नाही. म्हणजे वेगात फरक ठेवला तर भोवरे दबतात, आणि न ठेवला तर उठतच नाहीत.

## रंगपंचमीची गेर आणि इंधनाची तीन छिद्रं

इंदूरच्या राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगपंचमीला रंग उडवत निघणारी मिरवणूक, डोळ्यांसमोर आणा. आता कल्पना करा की लोक रमतगमत न जाता धावत सुटले आहेत आणि पुढचा चौक येण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर रंग पडलाच पाहिजे. कडेला उभं राहून पिचकारी मारली तर कडेचेच रंगतील. मधले कोरडे जातील. इंजिनात इंधन सोडणाऱ्यांची अडचण हीच.

भिंतीतलं आडवं छिद्र. सर्वांत जुना आणि साधा उपाय. भिंतीला काही मिलिमीटरचं छिद्र पाडायचं आणि इंधन हवेला काटकोनात सोडायचं. गेरीत टँकरवरच्या ज्या यंत्राला लोक 'मिसाइल' म्हणतात, त्याचा फवारा आधी दोरीसारखा सरळ वर जातो आणि वारा लागताच वाकतो. इथे तेच होतं. झोत हवेत खांबासारखा उभा राहतो, त्याच्या पुढ्यात वाकडा आघात तरंग उठतो आणि मागे झोताचं रूपांतर एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन भोवऱ्यांत होतं. मिसळण्याचं बरंचसं काम ही भोवऱ्यांची जोडी करते. दोन्ही बाजूंनी ती हवा ओढून झोताच्या पोटात कोंबते.

झोत किती आत जाईल हे एका भागाकारावर ठरतं: इंधनाची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले हवेची तीच रक्कम. पण दाब वाढवत नेला तरी हाव भागत नाही. दाब चौपट केला तर झोत फार तर दुप्पट आत जातो. त्यापेक्षा छिद्राचा व्यास वाढवणं जास्त उपयोगी. मात्र मोठ्या छिद्राचा झोत जाड असतो आणि त्याचा गाभा उशिरा फुटतो. इथलं ठरलेलं दुखणं म्हणजे छिद्राच्या अलीकडे भिंतीलगत हवा अडून राहते, तिथे थोडं इंधन घुसतं आणि ज्योत भिंतीला चिकटून बसते. चाचणीनंतर कक्ष उघडला की छिद्राच्या पुढ्यात धातू जळलेला दिसतो, तो त्यामुळे.

छिद्र काटकोनाऐवजी ३० अंशांवर तिरपं केलं तर आघात तरंग मवाळ होतो, भांडवल वाचतं आणि इंधनाचा स्वतःचा जोरही पुढच्या ढकलण्याला थोडी मदत करतो. बदल्यात झोत तेवढा आत शिरत नाही.

रॅम्प. भिंतीवर सेंटिमीटरभर उंचीची छोटी चढण करायची आणि तिच्या पाठीमागच्या कापलेल्या तोंडातून इंधन हवेच्याच दिशेनं सोडायचं. चढणीवर दाब जास्त आणि तिच्या दोन्ही बाजूंना कमी, म्हणून हवा कडांवरून खाली घरंगळते आणि दोन भोवरे तयार होतात. कडा निमुळत्या छाटल्या की भोवरे आणखी ताकदवान होतात.

यातली देखणी युक्ती पुढची आहे. रॅम्पच्या मागून निघालेल्या हायड्रोजनच्या पट्ट्यावर मुद्दाम एक आघात तरंग आदळवायचा. रिकामी हातगाडी आणि गव्हाच्या गोण्यांनी भरलेली हातगाडी शेजारी बांधून दोन्हींना सारखाच धक्का दिला तर काय होईल? रिकामी पुढे पळेल, भरलेली मागे राहील आणि जोडी गर्रकन फिरेल. हायड्रोजन हलका, हवा जड. तरंगाचा धक्का दोघांना सारखा बसतो आणि सीमेवर गिरकी उठते. या भोवऱ्याला वेगातला फरक लागत नाही, दोघांच्या घनतेतला फरक पुरतो. म्हणून मागच्या प्रकरणातला पेच इथे सुटतो. कॅलटेकच्या फ्रँक मार्बल यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना पुढे आणली. कक्षात आघात तरंग तसेही फिरत असतातच, त्यांनाच कामाला लावायचं, हे मला या विषयातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

स्ट्रट. रंगाची गाडी सरळ गर्दीच्या मध्यभागी नेऊन उभी करायची, तसं. कक्षाच्या पोकळीत पातळ पाचरीसारखा खांब आडवा बसवतात. इंधन त्याच्या आतून येतं आणि पाठीतून किंवा बाजूंच्या छिद्रांतून थेट प्रवाहाच्या गाभ्यात पडतं. मोठ्या इंजिनाला याशिवाय गत्यंतर नसतं, कारण भिंतीवरचा कुठलाच झोत इतक्या आत पोचत नाही. पण मध्यभागी उभी गाडी सगळ्या गर्दीला अडवते. स्ट्रटची पुढची धार तापलेल्या हवेचा मारा अहोरात्र सोसते, म्हणून तिला आतून इंधन खेळवून थंड ठेवावं लागतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे आघात तरंग भांडवल खातात. धार जितकी बारीक तितका अडथळा कमी, पण बारीक धार थंड ठेवणं तितकंच कठीण.

## प्रत्येक भोवऱ्याचं बिल येतं

स्क्रॅमजेटमधला भोवरा फुकट मिळत नाही. तो आघात तरंग, घर्षण किंवा अडथळा यांतूनच उठतो, आणि बिल एकूण दाबातून वळतं होतं. हे बिल इतकं का बोचतं, ते एका हिशेबात कळेल.

मॅक ६ ला एक किलो हवेत नुसत्या वेगामुळे सुमारे १.६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्या एक किलो हवेत पुरेपूर हायड्रोजन जाळला (चौतीस किलो हवेला एक किलो, हे त्याचं प्रमाण) तर मिळतात सुमारे ३.५ मेगाज्यूल. म्हणजे इंधनानं घातलेली भर मुळात असलेल्या ऊर्जेच्या दुप्पट. नासाच्या एक्स-४३ए यानानं १६ नोव्हेंबर २००४ ला मॅक ९.६ गाठला. त्या वेगाला हवेची स्वतःची ऊर्जा किलोमागे चार मेगाज्यूलच्या वर जाते, इंधनाच्या देणगीपेक्षा जास्त.

मोठी उलाढाल, बारीक नफा. घाऊक बाजारातला व्यापारी हे लगेच ओळखेल. इंजिनाचा जोर म्हणजे बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या प्रवाहांच्या दोन प्रचंड रकमांतला लहानसा फरक. उलाढालीतले पाच टक्के वाटेत गळले तर नफ्यातला फार मोठा हिस्सा जातो. म्हणून 'किती टक्के इंधन मिसळलं' हा आकडा एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी 'एकूण दाब किती उरला' हा आकडा नसेल तर इंजेक्टर, म्हणजे इंधन सोडणारी रचना, चांगला की वाईट, हे सांगताच येत नाही. नव्वद टक्के मिसळून हवेचं निम्मं भांडवल उडवणारा इंजेक्टर ऐंशी टक्के मिसळणाऱ्या काटकसरी इंजेक्टरपुढे हरू शकतो.

## ज्योत वाहून का जात नाही?

मिसळलं तरी ज्योतीनं जागेवर थांबलं पाहिजे, आणि १३०० मीटरच्या वाऱ्यात ती स्वतःहून थांबत नाही. त्यासाठी भिंतीत खाच ठेवतात. हवा खाचेवरून सुसाट जाते, आत मात्र ती गोल गोल फिरत राहते, आणि तिथे एक छोटी आग कायम धगधगत ठेवता येते. वरून जाणारं मिश्रण तिच्यावर पेटतं. खाचेची लांबी खोलीच्या सात-आठपटीच्या आत ठेवतात. त्याहून फार लांबवली तर प्रवाह खाचेत खाली उतरतो, तळाला आपटतो आणि अडथळा वाढतो. मागची भिंत सरळ उभी ठेवली तर रिकाम्या बाटलीवर फुंकर मारल्यासारखी खाच वाजू लागते आणि दाब हेलकावतो, म्हणून ती भिंत २० ते ३० अंशांच्या उतारानं घेतात. खाच ज्योत धरते. दूरच्या गाभ्यात इंधन मिसळण्याची आशा मात्र तिच्याकडून धरू नये.

## मग पहिल्या इंचातच सगळं मिसळून टाका ना!

इथे बहुतेकांची फसगत होते. मिसळणं जितकं लवकर तितकं बरं, असं वाटतं. पण स्वनातीत प्रवाहाला उष्णता दिली की त्याचा मॅक आकडा खाली येतो आणि दाब वर चढतो. सगळं इंधन थोड्याच लांबीत जळलं तर प्रवाह मॅक १ पर्यंत घसरून तुंबतो. वाढलेला दाब मागे रेटू लागतो, आघात तरंगांची रांग इंजिनाच्या तोंडाकडे सरकते आणि शेवटी तोंडाबाहेर फेकली जाते. हवा आत येण्याऐवजी बाजूनं सांडते, जोर जातो, यान हिसके खातं. याला अनस्टार्ट म्हणतात. जून २०११ मध्ये अमेरिकेच्या एक्स-५१ए यानाचं दुसरं उड्डाण याच कारणानं फसलं. एथिलीनवर सुरू केलेलं इंजिन मूळ इंधनावर नेताना तोंडाशी अनस्टार्ट झाला.

यावर तीन बंदोबस्त एकत्र करतात. तोंड आणि ज्वलनकक्ष यांच्यामध्ये आयसोलेटर नावाचा सरळ बोगदा ठेवतात, म्हणजे मागे रेटलेले तरंग तिथेच अडतात. कक्ष मागे रुंदावत नेतात, म्हणजे जळून फुगलेल्या वायूला जागा मिळते. आणि इंधन एका ठिकाणी न ओतता दोन-तीन टप्प्यांत सोडतात. वेग कमी असताना मागच्या, जास्त वेगाला पुढच्या इंजेक्टरांतून. कुठे किती मिसळायचं, हे ठरवणं म्हणजेच इंजिनाची लगाम हातात ठेवणं.

## इंधन तोंडाबाहेरच मिसळून घेतलं तर?

हायड्रोजन कक्षाच्या खूप आधी, हवा दाबली जाते त्या उतारावरच सोडावा, म्हणजे मिसळायला लांबी मिळेल. ही कल्पना संशोधकांनी खरोखर तपासली आहे. धोका भिंतीलगतच्या पातळ थरात असतो. तिथे हवा घर्षणानं जवळपास थांबलेली आणि भरपूर तापलेली असते. हायड्रोजन त्या थरात शिरला तर नको तिथेच पेटतो आणि तोंडच बिघडवतो. शिवाय हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो जळतो, त्यामुळे चुकीला वाव राहत नाही.

आणि प्राणवायू सोबतच नेला तर? मग ते रॉकेट झालं. हायड्रोजन रॉकेटला इंधनाच्या पाच-सहापट वजनाचा प्राणवायू वाहून न्यावा लागतो. तो वाचवण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

## केरोसीनचं काय?

हायड्रोजन चटकन मिसळतो आणि पेटतो, पण द्रवरूपातही त्याचा एक घनमीटर जेमतेम ७१ किलो भरतो. केरोसीन ८०० च्या आसपास. क्षेपणास्त्राच्या सडपातळ अंगात हायड्रोजनची टाकी मावत नाही, म्हणून तिथे केरोसीनसारखी इंधनं वापरतात. मग त्याच एका मिलिसेकंदात आणखी दोन कामं वाढतात: थेंब फोडणं आणि त्यांची वाफ करणं. शिवाय केरोसीन पेटायलाही जास्त वेळ घेतं. बारीक थेंब हवेबरोबर वाहून जातात आणि आत शिरत नाहीत. मोठे थेंब आत शिरतात, पण वेळेत वाफ होत नाहीत. काही जण इंधनात आधीच वायूचे बुडबुडे मिसळतात, म्हणजे छिद्राबाहेर पडताच बुडबुडे फुटून द्रवाच्या चिंध्या होतात.

## कॉम्प्युटरवर का सुटत नाही?

सुटतं, पण उसन्या आकड्यांवर. कक्षातले मोठे भोवरे सेंटिमीटरचे, सर्वांत लहान मिलिमीटरच्याही बारीक भागाचे. सगळे जसेच्या तसे मोजायला प्रचंड गणनशक्ती लागते, म्हणून रोजच्या कामात लहान भोवऱ्यांच्या जागी एक सरासरी नियम घालतात. त्या नियमात एक आकडा असतो, टर्ब्युलंट श्मिट अंक. भोवरे वेग जितक्या जोमानं पसरवतात, त्याच्या तुलनेत इंधन किती जोमानं मिसळतात, हे तो सांगतो. बहुतेक जण तो ०.७ च्या आसपास धरतात. हाच थोडा खाली-वर केला तर त्याच इंजिनाच्या त्याच गणितात कधी ज्योत विझलेली दिसते, तर कधी भडकून अनस्टार्ट. म्हणून एखाद्या नव्या इंजेक्टरबद्दल नुसत्या गणिताचा दावा वाचला तर तो आकडा किती धरला होता, हे आधी पाहावं.

मोजमाप लेझरनं होतं. लेझरचा प्रकाश पातळ पानासारखा पसरवून तो प्रवाहात घुसवतात. ठरावीक रंगाला ठरावीक रेणू चमकतात, आणि ज्वलन कुठे चाललं आहे याचं एकाच कापाचं छायाचित्र मिळतं. इंदूरला राजा रामण्णा केंद्रामुळे लेझर हा शब्द घरचा आहे. त्याचं हे एक वेगळं काम.

जमिनीवरच्या चाचणीची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. मॅक ६ इतकी तापलेली हवा तयार करायला ती आधी काहीतरी जाळून गरम करतात आणि खर्च झालेला प्राणवायू वरून घालतात. त्यामुळे त्या हवेत पाण्याची वाफ राहते. तीस किलोमीटर उंचीवरची हवा कोरडी असते. वाफेमुळे पेटण्याचा वेळ बदलतो.

## आता पुन्हा त्या १००० सेकंदांकडे

पाच सेकंदांच्या चाचणीत कक्षाच्या जाड भिंती उष्णता पिऊन घेतात आणि चाचणी संपते. तेवढा वेळ इंधन थंडच येतं. १००० सेकंदांत भिंती वाचवायच्या तर इंधनालाच आधी भिंतींतल्या बारीक नळ्यांतून फिरवावं लागतं. डीआरडीएलच्या जानेवारीच्या चाचणीत वापरलेलं देशी इंधन याच जातीचं होतं. तापलं की ते स्वतः फुटून हलक्या वायूंत बदलतं, आणि फुटताना आणखी उष्णता शोषतं.

यामुळे मिसळण्याचं गणित चालत्या इंजिनातच बदलतं. सुरुवातीला छिद्रातून थंड, जड द्रव येतो. थोड्या वेळानं त्याच छिद्रातून तापलेला, हलका वायू येऊ लागतो. घनता बदलली, वेग बदलला, म्हणजे झोत किती आत जाईल हे ठरवणारा मघाचा तो भागाकारही बदलला. झोत आता वेगळ्या उंचीवर जातो, थेंब फोडण्याचं काम संपतं, पेटण्याचा वेळ घटतो आणि उष्णता अलीकडेच सुटू लागते. अनस्टार्टचा धोका नेमका तिथे असतो. छिद्रांचे व्यास आणि टप्पे या दोन्ही अवस्थांना पुरतील असे निवडावे लागतात, आणि मधल्या संक्रमणात ज्योत खाचेतून सुटू द्यायची नसते.

एक्स-५१ए नं १ मे २०१३ च्या अखेरच्या उड्डाणात हे संक्रमण पार केलं आणि इंजिन सुमारे २१० सेकंद चालवलं. हैदराबादचे १००० सेकंद जमिनीवरचे आणि लहान आकाराच्या कक्षाचे आहेत. आकार वाढला की भिंतीपासून गाभा दूर जातो, पण झोत त्या प्रमाणात लांब जात नाही. तिथे पुन्हा छिद्र, रॅम्प आणि स्ट्रट यांची नव्यानं मांडणी करावी लागते.